किनाऱ्यावरील धडा व काळ्या जमिनीचें शिक्षण

समुद्र आपल्या जिल्ह्यापासून दूर आहे. जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यांतील शेतकऱ्यास भरतीचें पाणी शेतांत शिरण्याचें भय नाहीं. तथापि किनाऱ्यावरील शेतीवर हवामानाचा आघात कसा होतो याचा अभ्यास ज्या रीतीनें केला जातो, ती रीत परभणीच्या शेतकऱ्यासहि उपयोगी पडणारी आहे. ती कोणती, कृषि विद्यापीठाच्या शिक्षणांत तिचें स्थान काय, आणि त्या शिक्षणांत आपला वांटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

भेद्यता म्हणजे काय ?

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. त्या वेळीं भाताची लावणी व्हावयाची होती. त्यामुळें भातशेतकऱ्यास त्याच पावसाळ्यांत पीक उभें करण्यास अवसर होता. बागाईतदारास मात्र नवीं झाडें फळास येईपर्यंत कित्येक वर्षें वाट पाहणें भाग होतें. वारा एकच, परंतु हानि सारखी नव्हे.

या फरकाचा उलगडा करण्यासाठीं अभ्यासक तीन प्रश्न विचारतात. आघात किती जोराचा व किती वेळां होतो, हा पहिला प्रश्न. ज्यावर आघात होतो तें पीक किंवा जमीन किती नाजूक आहे, हा दुसरा. आणि हानि झाल्यावर पुन्हां उभें राहण्याचें सामर्थ्य किती, हा तिसरा. या तिहींचा एकत्र विचार करून जी स्थिति दिसते तिला ‘भेद्यता’ असें नांव आहे. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनें २०१३ सालीं भारतीय शेतीच्या भेद्यतेचा जिल्हावार नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशीं हीच मांडणी आहे.

कोंकणांतील खारजमिनीचें उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. तेथें बांध घालून समुद्राचें पाणी अडवितात व पावसाचें पाणी बाहेर सोडण्यासाठीं उघाडी ठेवतात. येथें आघातच अडविला जातो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें खारटपणा सोसणारे भाताचे वाण काढले. त्यांनीं पिकाचा नाजूकपणा कमी होतो. आणि ज्याच्या घरीं भाताखेरीज उत्पन्नाचें दुसरें साधन आहे, तो बांध फुटलेल्या वर्षींहि तग धरतो. उपाय तीन प्रकारचे आहेत व एकाचें काम दुसरा करीत नाहीं.

आपल्या जिल्ह्यास हें कसें लागू पडतें ?

समुद्राच्या ठिकाणीं आपल्याकडे पाऊस आहे. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणांत आहे. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या वर्षीं मराठवाड्यानें अवर्षण सोसलें. तर २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभीं परभणी व हिंगोली जिल्ह्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं; परंतु उरलेल्या दोन गोष्टींपैकीं बराच भाग आपल्या हातीं आहे.

उंचवट्यावरील हलक्या मुरमाड जमिनींत पावसाचा खंड पडला कीं पीक लवकर माना टाकतें. गोदावरी, दुधना व पूर्णा या नद्यांच्या कांठची खोल काळी जमीन ओल धरून ठेवते, परंतु अतिवृष्टींत तींत पाणी सांचून मुळें गुदमरतात. म्हणजे एकाच तालुक्यांत एक शेत खंडास नाजूक, तर दुसरें अतिवृष्टीस. परभणीच्या विद्यापीठाच्या शिफारशी याच दृष्टीनें वाचाव्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरीपाची पेरणी करूं नये, ही शिफारस दुबार पेरणीचा खर्च वांचविण्यासाठीं आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतींत जास्त झालेलें पाणी सरींतून निघून जातें व खंडाच्या काळांत वरंब्यांत ओल टिकते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्यास एक पीक हातचें गेलें तरी दुसऱ्याची आशा राहते. यांतील शेवटचा उपाय सावरण्याच्या सामर्थ्याचा आहे. शेततळें हाहि त्याच जातीचा उपाय होय. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी पडतें. २५ मिलिमीटरांचें एक लाख लिटर होतें. त्यांतील वाहून जाणारा अंश जरी साठविला, तरी खंडांत एखादें संरक्षित पाणी देतां येईल.

विद्यापीठ व शेत

परभणीस कृषि महाविद्यालय १९५६ सालीं निघालें, आणि १८ मे १९७२ रोजीं येथें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याच दिवशीं कोंकणासाठीं दापोलीचें विद्यापीठहि अस्तित्वांत आलें. २०१३ पासून परभणीच्या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. किनाऱ्याची शेती एका ठिकाणीं व कोरडवाहू शेती दुसऱ्या ठिकाणीं शिकविली जावी, या योजनेंत मोठा अर्थ आहे : हवामानाचें शिक्षण त्या त्या भूमीवरच पुरें होतें.

याच कारणास्तव पदवीच्या शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांस ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं गांवीं पाठवितात. आपण त्यांस कृषिदूत व कृषिकन्या म्हणतों. पुष्कळ गांवीं त्यांचें स्वागत होतें, एकदोन प्रात्यक्षिकें होतात, छायाचित्रें निघतात, आणि विद्यार्थी परत जातात. यांत दोघांचीहि हानि आहे. विद्यार्थ्यास ओलीचा ताण म्हणजे काय हें पुस्तकावरून ठाऊक असतें, परंतु एकाच शेतावर तीन निरनिराळे हंगाम त्यानें पाहिलेले नसतात. शेतकऱ्यानें चाळीस हंगाम पाहिलेले असतात, परंतु त्यांची लेखी नोंद नसते. नोंदीवांचून अनुभव शिकवितां येत नाहीं. मग अभ्यासक जिल्हा किंवा तालुका हाच घटक धरून चालतात, आणि मुरमाड माळास व नदीकांठच्या काळ्या रानास एकच सल्ला मिळतो.

वाचकांनीं काय करावें ?

येत्या मृगापासून प्रत्येकानें एक वही घालावी. सरळ कडांचा व सपाट बुडाचा डबा झाडांपासून दूर, मोकळ्या जागीं घट्ट बसवून ठेवावा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी पट्टीनें मिलिमीटरांत मोजून, लिहून, ओतून टाकावें. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक आपल्या शेतापासून कित्येक मैल दूर असूं शकतो. वळवाच्या किंवा तुटक पावसांत दोन्ही ठिकाणचे आंकडे जुळतीलच असें नाहीं. वहींत पेरणीची तारीख, वाण, उगवण, पावसाच्या खंडाचे दिवस, पाणी किती दिवस सांचून राहिलें तें, व शेवटीं एकरीं उतारा, एवढ्या गोष्टी शेतवार लिहाव्या.

कृषिदूत गांवीं आला म्हणजे ही वही त्याच्यापुढें ठेवावी व विचारावें : माझें कोणतें शेत कशास नाजूक आहे ? कोणत्या शेतांत रुंद वरंबा-सरीचा खर्च भरून येईल, व कोणत्यांत येणार नाहीं ? त्यास उत्तर येत नसल्यास तो प्रश्न त्यानें आपल्या अध्यापकांकडे न्यावा, असा आग्रह धरावा. गांवांतील दहा जणांनीं पांच वर्षें अशा वह्या राखल्या, तर त्या गांवाच्या भेद्यतेचें जें चित्र निघेल तें जिल्ह्याच्या नकाशावरून कळणारें नव्हे. आणि पुढील खंड पडेल तेव्हां कोणतें शेत आधीं वांचवावें, हें ठरविण्यास त्या घरांस शेजाऱ्याच्या अंदाजावर विसंबून राहावें लागणार नाहीं.