सौर विजेवरील होडी : आधी हिशेब, मग उभारणी

धरणाचे पाणी साठले म्हणजे शेतीला जीवन मिळते. परंतु त्याच पाण्यामुळे काही गावांच्या वाटा बुडतात, हेही तितकेच खरे आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा-बामणोली परिसरात गेले म्हणजे याची साक्ष पटते. पैलतीरावरील वाड्यांना बाजार, शाळा आणि दवाखाना गाठण्यासाठी लाँच किंवा होडी हाच जवळचा मार्ग होय. अशा होड्या आजवर बहुधा डिझेलवर चालत आल्या आहेत. इंधन दुरून आणावे लागते, त्याचा खर्च दर फेरीला सोसावा लागतो आणि सांडलेले तेल पाण्यात मिसळते. म्हणून सौर विजेवरील होडीचा विचार अनेक ग्रामपंचायतींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र पट्ट्या बसविल्या की काम झाले, असे समजून पैसा खर्च केला, तर पहिल्याच पावसाळ्यात होडी धक्क्याला बांधून ठेवण्याची पाळी येते. तेव्हा उभारणीपूर्वी हिशेब कसा करावा, हे पाहणे अगत्याचे आहे.

वायकोमचा अनुभव

हा प्रयोग आपल्या देशात यशस्वी झालेला आहे. १९२४ च्या सत्याग्रहामुळे सर्वांना परिचित असलेले केरळमधील वायकोम हे गाव वेंबनाड सरोवराच्या काठी आहे. तेथून पलीकडच्या तवणक्कडवूपर्यंत राज्य जलवाहतूक विभागाने जानेवारी २०१७ मध्ये ‘आदित्य’ ही सौर नौका सुरू केली. ७५ उतारूंची ही नौका २० मीटर लांब व ७ मीटर रुंद असून तिच्या छतावर २० किलोवॉटच्या सौर पट्ट्या आहेत. सुरुवातीस तिच्या बॅटरीची क्षमता सुमारे ५० युनिट होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही नौकाही केवळ उन्हावर विसंबून नाही. दिवसा पडलेली तूट किनाऱ्यावरील विजेने भरून काढण्याची सोय तिच्यासाठी आहे.

विजेचा खर्च वेगावर ठरतो

आता आपल्याकडील लहान होडीचे उदाहरण घेऊ. बारा उतारूंची होडी, दोन किलोमीटरचे पाणी आणि दिवसाकाठी आठ खेपा, असे धरू. ताशी ६ किलोमीटर वेगाने जाताना मोटारीला दीड किलोवॉट शक्ती लागते, असे मानले, तर २० मिनिटांच्या एका खेपेस अर्धा युनिट आणि दिवसाला ४ युनिट वीज लागेल. प्रत्यक्ष आकडा आपल्या होडीवर, भरल्या भाराने, मीटर लावून मोजून घ्यावा.

पाण्यातून जाणाऱ्या अशा होडीला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हीच होडी ताशी ८ किलोमीटरने नेली, तर खेप १५ मिनिटांत होईल. परंतु तीस अर्ध्या युनिटाऐवजी जवळजवळ ०.९ युनिट वीज खर्च होईल. पाच मिनिटे वाचविण्यासाठी पाऊणपटीहून अधिक जादा वीज मोजावी लागते. म्हणून खेपांचे वेळापत्रक आखतानाच वेग ठरवावा आणि त्यानंतरच बॅटरीकडे वळावे.

बॅटरीचा साठा

रोजच्या ४ युनिटांवर आणखी २ युनिटांची राखीव शिल्लक असावी. रात्री-अपरात्री आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला पलीकडे न्यावे लागले, तर या शिल्लकेत चार खेपा होतात. रोजच्या वाहतुकीसाठी तिला हात लावू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच्या क्षमतेचे ८० टक्के वापरावयाचे ठरविल्यास, ६ युनिटांसाठी साडेसात युनिटांची, म्हणजे ४८ व्होल्ट व सुमारे १६० अँपिअर-तासांची बॅटरी लागेल. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे हितावह नसल्याने ती १२ युनिटांची घ्यावी लागेल. तिचे वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास, म्हणजे पाच-सहा उतारूंइतके भरेल. लिथियम बॅटरीचे वजन त्याच्या चौथाईएवढेच असते.

पट्ट्या आणि पावसाळा

आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. उष्णता, धूळ, तारा व प्रभारण यांतील घट वजा जाता तीपैकी ७० टक्के हाती लागते, असे समजावे. चारशे वॉटच्या तीन पट्ट्या छतावर बसविल्यास त्यांना सुमारे ६ चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला ४.२ युनिट वीज मिळते. एवढ्याने रोजचा खर्च भागतो.

परंतु आषाढात ढग दाटले आणि अडीच तासांचेच ऊन मिळाले, तर उत्पन्न २.१ युनिटांवर येते. भरलेल्या बॅटरीतील ६ युनिटांपैकी पहिल्या संध्याकाळी ४.१ उरतात, दुसऱ्या संध्याकाळी २.२, आणि तिसऱ्या संध्याकाळी केवळ ०.३. त्या दिवशी शाळेतून परतणाऱ्या मुलांची शेवटची खेप भर पाण्यात थांबण्याचा धोका असतो. यास्तव किनाऱ्यावर वीजजोडणी असलेला चार्जर योजनेत प्रथमपासूनच धरावा आणि शिल्लक २ युनिटांवर येताच रात्री होडी जोडावी. जेथे वीज पोहोचलेली नाही, तेथे धक्क्याजवळच्या शेडवर जादा पट्ट्या बसवाव्यात.

जोडणी करताना

तीन पट्ट्या एकसरीत जोडून त्यांची वीज प्रभार-नियंत्रकामार्फत बॅटरीला द्यावी. नियंत्रकाला प्रथम बॅटरी व नंतर पट्ट्या जोडाव्यात. सोडविताना क्रम उलटा ठेवावा. दीड किलोवॉटसाठी ४८ व्होल्टवर ३१ अँपिअर, तर १२ व्होल्टवर १२५ अँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह चौपट झाला, की त्याच तारेत उष्णता सोळापट होते. म्हणून कमी व्होल्टची स्वस्त सामग्री घेण्याचा मोह टाळावा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. बॅटरी तळाशी, मधोमध, घट्ट बांधलेली व पाण्यापासून सुरक्षित असावी. खाडीच्या खाऱ्या हवेत कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा वापराव्यात. किनाऱ्यावरील जोडणीला अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, ज्यास वायरमन ई.एल.सी.बी. म्हणतात, तो अनिवार्य समजावा.

छतावर भार चढल्याने होडीचा तोल बदलतो. म्हणून तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. यंत्रचलित होडीची तपासणी व नोंदणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार आवश्यक आहे. पट्ट्यांवर जाळी किंवा कपडे वाळत घालू नयेत. एका पट्टीवर पडलेली सावली एकसरीतील साऱ्या पट्ट्यांचे उत्पन्न घटविते.

नोंदवही

लिथियम बॅटरीचे व्होल्टेज साठा संपत येईपर्यंत जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे व्होल्टमीटर पाहून शिल्लक कळत नाही. आत-बाहेर जाणाऱ्या अँपिअर-तासांचा हिशेब ठेवणारे मीटर बसवावे आणि नावाड्याने सकाळी पहिल्या खेपेपूर्वी व सायंकाळी शेवटच्या खेपेनंतर त्याची नोंद करावी. गावच्या शिक्षकांनी सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून या नोंदींचा मासिक आलेख काढून घेतल्यास गणिताचा एक जिवंत पाठ होईल आणि ग्रामसभेलाही होडीची स्थिती कळेल. ज्या मुलांना ही होडी रोज शाळेत पोहोचविते, त्यांनीच तिचा हिशेब ठेवावा, याहून चांगली देखरेख ती कोणती?