दिल्लीत एकट्यानं जाताना: सोबत कुठे मिळते आणि केवढ्याला पडते

हिमालयाकडे निघालेली मराठी मुलंमुली दिल्लीत उतरतात ती बहुतेक एका रात्रीपुरतीच. सकाळी निजामुद्दीन किंवा नवी दिल्ली स्टेशन, दुपारी लाल किल्ला, संध्याकाळी कश्मीरी गेट नाहीतर मजनू का टीलावरून मनालीची बस. परत आल्यावर तक्रार करतात, की एवढ्या मोठ्या शहरात बोलायलासुद्धा कुणी भेटलं नाही. भेटायला वेळच दिलेला नसतो. पहिल्या संध्याकाळी नाव-गाव विचारून होतं, दुसऱ्या संध्याकाळी कुणीतरी ‘जेवायला चलतोस का’ म्हणतं आणि तिसऱ्या दिवशी कुठेतरी एकत्र जायचं ठरतं. म्हणून एकट्यानं फिरणाऱ्याला माझा पहिला सल्ला पैशाचाच आहे. दिल्लीसाठी ठेवलेल्या रकमेतला मोठा वाटा रात्रींवर खर्च करा. एकाच ठिकाणी सलग चार रात्री काढा आणि बाकी सगळीकडे हात आखडता ठेवा.

पुढे दिलेले दर साधारण मानाचे आहेत. ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात आणि शनिवार-रविवारी ते वर सरकतात.

खाटेपासून सुरुवात करू. पहाडगंज, दिल्ली गेट, हौज खासच्या आसपासचा भाग आणि दक्षिण दिल्लीच्या इतर काही वस्त्यांत बॅकपॅकर हॉस्टेलं आहेत. डॉर्ममधली एक खाट रात्रीला ५०० ते १,००० रुपयांना मिळते. फक्त बायकांसाठीच्या डॉर्मला शंभर-दोनशे रुपये जास्त पडतात आणि ते द्यावेत. स्वस्त खाट शोधताना लोक फक्त दर आणि स्टेशनपासूनचं अंतर पाहतात. सोबत हवी असेल तर आधी बसायची जागा पाहा. गच्ची आहे का, सगळ्यांचं म्हणून एक दिवाणखान्यासारखं दालन आहे का, संध्याकाळी तिथे माणसं असतात का, हे आधी राहून गेलेल्यांच्या अभिप्रायांतून कळतं. चार खाटांची खोली बऱ्याचदा एखादं मित्रमंडळच अडवून बसतं आणि त्यात आगंतुक पाहुणा झाल्यासारखं वाटतं. बारा खाटांच्या खोलीत कुणी कुणाला ओळखत नाही. सहा ते आठ खाटांची खोली एकट्या माणसासाठी सगळ्यात बरी.

नोंदणी करण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. टॉवेल आणि न्याहारी दरात धरलेली आहे का? बहुतेकदा नसते. टॉवेलचे पन्नास-शंभर आणि न्याहारीचे दीडशे-दोनशे रुपये वेगळे लागतात. लॉकरला कुलूप मिळतं का? नसेल तर घरूनच न्या. तिसरा प्रश्न ओळखपत्राचा. बरीच हॉस्टेलं दिल्ली-एनसीआरचा पत्ता असलेलं ओळखपत्र चालवून घेत नाहीत. गुडगाव किंवा नोएडात नोकरीला असलेल्या आणि तिथलाच पत्ता आधारवर घातलेल्या मराठी मुलांना हा नियम दारात उभं राहिल्यावर कळतो. बिलावरचा करही बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून जास्त लावला असेल तर विचारा.

खाजगी हॉस्टेलांखेरीज आणखी दोन पर्याय आहेत. चाणक्यपुरीत न्याय मार्गावर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं आंतरराष्ट्रीय वसतिगृह आहे. जर्मनीत रिचर्ड शिरमानने सुरू केलेल्या यूथ हॉस्टेल चळवळीचं हे आपल्याकडचं घर. डॉर्म, साधं जेवण आणि नाममात्र सभासदत्व अशी रचना आहे. इथे सायकलवाले, ट्रेकर, शाळांच्या सहली असा वेगळाच गोतावळा भेटतो. दुसरा पर्याय पहाडगंजातल्या बृहन्महाराष्ट्र भवनाचा. तिथे आपली भाषा बोलणारी, बहुधा सहकुटुंब आलेली माणसं असतात. आधी फोन करून जागा विचारून घ्या.

आता दिवसाचं. दिल्लीत माणसं जोडायला हातानं काहीतरी काम करण्यासारखा दुसरा मार्ग नाही आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात जा. जोडाघरात चपला द्या, डोकं झाका आणि दर्शन झाल्यावर लंगरच्या स्वयंपाकघरात विचारा, की सेवा करू का. पोळ्या लाटायला, शेकायला, भांडी घासायला माणसं लागतच असतात. शेजारी कधी पंजाबातल्या आजी असतात, कधी परदेशी प्रवासी, कधी दिल्ली विद्यापीठातली मुलं. तासभर पोळ्या लाटल्यावर एकमेकांशी न बोलता पंगतीत बसणं कुणालाच जमत नाही. हॉस्टेलमधल्या एखाद्या गप्प माणसाला ‘येतोस का’ विचारायला हे उत्तम ठिकाण आहे, कारण नकार द्यायला पैशाचं कारण राहत नाही. गुरुवारी संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यातली कव्वालीही फुकटच. गल्लीत चपला ठेवायला किंवा फुलं घ्यायला फार आग्रह होतो, तेव्हा नम्रपणे नको म्हणून पुढे चालत राहा.

पैसे देऊन घ्यायची एकच गोष्ट सुचवायची झाली तर गटानं चालत केलेली वारसाफेरी. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या दिल्ली शाखेच्या आणि इतर संस्थांच्या फेऱ्या दोनशे ते पाचशे रुपयांत होतात. खाजगी कंपन्या हजार-दीड हजारही घेतात, पण सोबतीच्या दृष्टीनं त्या हजारात जास्त काही मिळत नाही. पहाडगंजातली सलाम बालक ट्रस्टची फेरी मुद्दाम करावी. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटातून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि एकेकाळी रस्त्यावर वाढलेली मुलंच फेरीत वाट दाखवतात. दोन-अडीच तास एकाच गटात चालल्यावर शेवटी चहाला थांबणारे तिघे-चौघे निघतातच. त्या चहाला थांबा. सोबत जमते ती तिथे.

वास्तूंची तिकिटं हलकी आहेत. कुतुबमिनार किंवा हुमायूनचा मकबरा भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५. विदेशी मित्राला त्याच दारात ६०० रुपये पडतात, हे बेत ठरवताना लक्षात ठेवा. त्याला रोज नवी वास्तू परवडेलच असं नाही. लोधी बागेत मात्र दोघांनाही तिकीट नाही. मंडी हाउसला उतरलात तर त्रिवेणी कला संगमात प्रदर्शन पाहून तिथल्या उपाहारगृहात बसता येतं. एकट्या माणसाकडे तिथे कुणी वळून पाहत नाही.

मेट्रोचे दर २५ ऑगस्ट २०२५ पासून वाढले. आता कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ६४ रुपये. स्मार्ट कार्डावर १० टक्के सूट आहे. रविवारी आणि राष्ट्रीय सुटीला दर आणखी कमी. विमानतळ मार्गिकेनं नवी दिल्ली स्टेशनवर पाऊणशे रुपयांच्या आत पोचता येतं, टॅक्सीला त्याच्या पाच-सहा पट लागतात. गाडीच्या दिशेनं पहिला डबा बायकांचा. रात्री अकराच्या सुमारास गाड्या संपतात, त्यामुळे नव्या मित्रांबरोबर गुडगावला जेवायला गेलात तर परतीची टॅक्सी एकट्यावर पडणार नाही ना, हे निघतानाच ठरवा. आणखी एक गोष्ट. दिल्लीत मद्य घ्यायचं कायदेशीर वय २५ आहे, हरियाणात आणि उत्तर प्रदेशात २१. म्हणून बावीस-तेवीस वर्षांचे घोळके गुडगावकडे वळतात आणि खिसा तिथेच रिकामा होतो.

जेवणाचा हिशेब टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. छोले-भटुऱ्यांची ताटली ८० ते १५० रुपये, मजनू का टीलाच्या तिबेटी वस्तीत थुक्पा दीडशे-अडीचशे. दिवसाला चारशे रुपयांत पोट भरतं. प्रवासातली माणसं पहाटे न सांगता निघून जातात, म्हणून ‘नंतर बघू’ असं ठेवू नका. त्या रात्रीचे पैसे त्याच रात्री यूपीआयने वळते करा. मैत्रीत पैशाचा विषय काढायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण पाचशे रुपयांच्या उधारीनं प्रवासातल्या ओळखी जेवढ्या तुटतात तेवढ्या भांडणानं तुटत नाहीत. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क घातलेलं दिसलं तर ते काढायला सांगा. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ते सक्तीनं घेता येणार नाही, असा निकाल दिला आहे. कुणी ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आता जपून राहायच्या जागा, आणि इथे मला जरा कडक बोलायचं आहे. नवी दिल्ली स्टेशनाबाहेर ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’, ‘तुमची गाडी रद्द आहे, सरकारी टूरिस्ट ऑफिसात चला’ असं सांगणारा माणूस मित्र नसतो. भारत सरकारचं पर्यटन कार्यालय जनपथवर ८८ क्रमांकात आहे, आणि पर्यटक हेल्पलाइन १३६३ अहोरात्र चालते. याहून महागडा सापळा डेटिंग ॲपचा. जून २०२४ मध्ये यूपीएससीची तयारी करणाऱ्या एका तरुणाला ॲपवर ओळख झालेल्या मुलीनं विकास मार्गावरच्या कॅफेत बोलावलं. ती मध्येच उठून गेली आणि त्याच्यासमोर एक लाख वीस हजारांच्या आसपासचं बिल आलं. पोलिसांनी अटक केली, तेव्हा कॅफे आणि ती मुलगी संगनमतात असल्याचं बाहेर आलं. एकटेपणाचाच बाजार करणारी ही टोळी आहे आणि त्यात फसणारा मूर्ख नसतो. नियम साधा ठेवा. पहिल्या भेटीची जागा तुम्ही ठरवा आणि ती उघड्यावरची, गर्दीची असू द्या. दर छापलेले नसतील तर काही मागवू नका. अडवलंच तर तिथूनच ११२ लावा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

एकट्या मुलीनं हॉस्टेलमध्ये किंवा फेरीत ओळख झालेल्या माणसाला राहायचं ठिकाण सांगितलं तरी खोली सांगू नये, आणि परतीच्या टॅक्सीचं लोकेशन घरी किंवा मैत्रिणीला पाठवावं. रात्री उशिराच्या बेतात किमान एक तरी बाई सोबत आहे ना, हे पाहूनच हो म्हणावं. नको वाटलं तर कारण न देता उठून यावं. दिल्लीतली महिला हेल्पलाइन १८१.

आपल्या घरचा एक गोतावळा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुना राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर इथे यूपीएससीसाठी आलेली महाराष्ट्रातली मुलं मोठ्या संख्येनं राहतात. तुमच्या तालुक्यातलं कुणी ना कुणी तिथे असतंच. लहानशा खोलीला महिन्याला पंधरा-वीस हजार मोजून ती दिवसभर अभ्यासिकेत बसलेली असतात. संध्याकाळच्या चहाच्या वेळी गाठा, तासाभरात सोडा, आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या. दिल्ली कशी वापरायची हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. पहाडगंजात आरामबागेकडे नूतन मराठी शाळा आहे, कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तेव्हा हे सगळे धागे एकाच मांडवात दिसले होते. संमेलन नसतानाही ते तिथेच असतात.

चौथ्या दिवसाची सहल हा या सगळ्याचा खरा लाभ. चौघे जमले तर मुरथलला जा. सोनीपतजवळ जीटी रोडवरच्या ढाब्यांत लोण्याचा गोळा घातलेला पराठा शंभर-सव्वाशे रुपयांना मिळतो. टॅक्सी जाऊन-येऊन अडीच-तीन हजार, म्हणजे माणशी सव्वासहाशे ते साडेसातशे. एकट्याला ही सहल परवडत नाही, चौघांना सहज परवडते. मी मात्र मराठी वाचकाला त्याच रस्त्यानं आणखी पुढे, पानिपतला जायला सांगेन. दिल्लीपासून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे आणि जिल्हा एनसीआरमध्येच मोडतो. दिल्लीहून पॅसेंजर गाडीचं तिकीट शंभर रुपयांच्या आत आहे, कश्मीरी गेटहून बसही मिळते. शहरातून रिक्षानं रणभूमीवरच्या काला आंब स्मारकाला जायचं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई तिथे आपल्या परीनं दोन-तीन वाक्यांत नव्या मित्राला सांगून बघा. केरळच्या किंवा फ्रान्सच्या माणसाला ती सांगताना आपल्यालाच कितीतरी प्रश्न पडतात आणि परतीची गाडी बोलण्यात संपते.

बेरीज अशी. चार रात्रींची खाट २,८००, जेवण १,६००, मेट्रो ४००, तिकिटं आणि एक वारसाफेरी साडेसहाशे, सहल ९००. म्हणजे ६,३५०, हाताशी असावेत म्हणून सात हजार धरा. पुण्या-मुंबईहून स्लीपरचं येण्याजाण्याचं भाडं साधारण चौदाशे, ते वेगळं. हातात पाचच हजार असतील तर टॅक्सीची सहल वगळा, बाहेरचं जेवण कमी करा, पण रात्री कमी करू नका. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, तेव्हा पुढच्या बसचं तिकीट पोचण्याच्या दिवशीचं काढू नका. नोव्हेंबरातली हवा दम्याच्या माणसाला झेपत नाही. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला. राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान त्या सुमारास लोकांना फुकट खुलं असतं. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर वेळ आधी नोंदवता येते, आणि एकाच वेळेची नोंदणी दोघा-तिघांनी मिळून केली तर आत जायलाही सोबत असते.