घर घेताना छप्पर बघा!

लहानपणी होळीला आम्ही पोरे एक खेळ खेळायचो. सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे विस्तवात टाकायचे आणि लांब पळायचे. थोड्या वेळाने फाटदिशी आवाज व्हायचा. फुकटचे फटाके! पत्र्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, हे पुढे समजले. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला वाचले. पण त्याचा खरा अर्थ कळला तो बाबांनी कामठ्याला घर बघितले तेव्हा.

कामठा म्हणजे गोंदियाजवळचे जुने जमीनदारीचे गाव, लहरी बाबांच्या आश्रमामुळे सगळ्यांना माहीत. बाबांना रिटायर झाल्यावर तिथेच राहायचे होते. घर चांगले होते. तीन खोल्या, सपरी, मागे विहीर. पूर्वी वर कवेलू होते. माकडांनी नाकी नऊ आणले, दरवर्षी कवेलू फेरायला माणूस मिळेना, म्हणून मालकाने तीस वर्षांपूर्वी सिमेंटचे पत्रे टाकले. खोल्यांवरचे पत्रे धड होते, पण सपरीवरचे सहा तडकलेले, कडा भुसभुशीत झालेल्या.

मालक म्हणाले, "गुरुजी, सौदा पक्का करा. चार दिवसांत जुने पत्रे फोडून टिना टाकून देतो." बाबा खूश. मी मात्र म्हटले, "काका, फोडू नका!" दोघेही माझ्याकडे बघतच राहिले.

भीती कशाची?

आपल्याकडच्या अशा पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस असते. बाकी मुख्यतः सिमेंट. पत्रा धड असेल तोवर तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. त्याखाली झोपलो म्हणून लगेच कुणी आजारी पडत नाही. पण तो फोडला, कापला, ड्रिल मारले किंवा तारेच्या ब्रशने घासला की तंतू मोकळे होतात. हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत, नाकात थांबत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर (मेसोथेलिओमा) होऊ शकतो.

बाबांचा प्रश्न अगदी रास्त होता. "तीस वर्षे हे लोक राहिले, कोणाला काही झालं?" गोम इथेच आहे. हा आजार दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनीही वर येतो. म्हणूनच २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवावी. कारखान्यातल्या कामगाराची निदान नोंद तरी आहे. गावात पत्रे फोडणाऱ्या मजुराची नोंद कोण ठेवणार? आणि त्याचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बाईची?

युरोपियन युनियनने २००५ पासून, जपानने २०१२ मध्ये आणि वर्षानुवर्षे हा माल जगाला विकणाऱ्या कॅनडाने २०१८ मध्ये यावर बंदी आणली. आपल्याकडे पत्रे अजूनही विकले जातात. तेव्हा काळजी आपणच घ्यायची.

घर बघताना काय करावे?

१) जुना नालीदार सिमेंटचा पत्रा दिसला की त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात, पण नुसत्या नजरेने फरक कळत नाही. खात्री ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रयोगशाळेतच होते. स्वतः तुकडा मोडून बघू नये.

२) तडे, तुटलेल्या कडा, जुनी भोके बघावीत. माळ्यावरचे आणि परसातले तुकडेही बघावेत.

३) पत्रे धड असतील तर राहू द्यावेत. रंगाचा थर द्यावा, खालून सीलिंग करावे. खिळे, ड्रिल नको.

४) काढायचेच असतील तर पाण्याने भिजवून, नट-बोल्ट सोडवून, अख्खे उतरवावेत. वरून खाली फेकू नयेत. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एफएफपी-३ दर्जाचा मास्क लागतो. पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी टाकावी. पत्रा मोडून खाली पडण्याचा धोका तर त्याच दिवशीचा!

५) काढण्याचा खर्च आधी काढून किमतीतून वजा मागावा आणि कसे काढायचे ते करारात लिहून घ्यावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, साध्या काळजीने दिसणार नाही असा मोठा दोष मालकाला माहीत असेल तर त्याने तो सांगायला हवा. पण छप्पर तर सगळ्यांना दिसते. "मला माहीत नव्हते" हे नंतर कोण ऐकणार?

मग आमचे काय झाले?

घर घेतले. खोल्यांवरचे पत्रे ठेवले, रंगवले. सपरीचे सहा पत्रे भिजवून अख्खे उतरवले. त्या दिवशी आलेल्या दोन मजुरांना मास्क दिले तेव्हा ते हसले. "आजवर कितीतरी छपरं फोडली भाऊ, असं कोणी दिलं नाही." ते हसत होते, मला मात्र हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका ते सहा पत्रे गोठ्यासाठी मागायला आले. बाबांचा स्वभाव देण्याचा. आजवर कुणाला नाही म्हटले नसेल. ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "नको भाऊ, तडकलेले आहेत. जे माझ्या घरात नको ते तुमच्या गोठ्यात कसं देऊ?"

घातक कचऱ्याची अधिकृत जागा आमच्यापासून लांब, नागपूरजवळ बुटीबोरीला. सहा पत्र्यांसाठी तिथवर गाडी न्यायची कशी, हे अजून सुटलेले नाही. आज ते जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून परसात ठेवलेत. वर बाबांनी खडूने लिहिले आहे, "फोडू नये."

आणि हो, येत्या होळीला गावातल्या पोरांना तो फटाक्यांचा खेळ खेळू देणार नाही. तुम्हीही देऊ नका.