आईच्या औषधांची चिठ्ठी

अगं, आई सांगलीहून तुझ्याकडे गुरुग्रामला येतेय आणि एम्समध्ये तिचा संधिवात दाखवायचा ठरलंय, हे ऐकून फार बरं वाटलं. डॉक्टर चांगलेच भेटतील. मला काळजी आहे ती तपासून झाल्यावर हातात येणाऱ्या कागदाची. दिल्लीत राहून इतक्या जणांबरोबर दवाखान्यात गेले, त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. चिठ्ठी वाचता आल्याशिवाय आणि कुठली गोळी कशासाठी ते कळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

तू भिडस्त आहेस, म्हणून मुद्दाम सांगतेय. मागे रांग ताटकळलेली असते, डॉक्टर सकाळपासून थकलेले असतात, आणि आपल्याला वाटतं, कशाला आणखी वेळ घ्या. पण घे. त्यांनी लिहिलं की तूच मोठ्याने वाच: 'ये गोली जोडों की, हफ्ते में एक बार, ठीक है ना डॉक्टरसाहब?' चूक झाली असेल तर ती तिथेच दुरुस्त होते. कुणी चिडलंच, तर चिडू दे.

आठवड्यातून एकदा असं मी उगाच म्हटलं नाही. संधिवातासाठी बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट देतात. औषध चांगलं आहे, पण ते आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं असतं. आपल्याकडे गोळी म्हटली की रोजची, ही सवय इतकी मुरलेली आहे की लिहिणारा घाईत असला, केमिस्टने पाकिटावर नुसतं '1-0-0' खरडलं, की घरात ती रोज सुरू होते. मग तोंड येतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात. यात माणसं दगावलेली आहेत. जगभर औषधांच्या चुकांबद्दल लिहिणारे लोक हे उदाहरण पुन्हा पुन्हा देतात. तेव्हा आईला हे औषध दिलं, तर वार डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घे. 'सोमवार' असा, अक्षरांत. त्याबरोबर फॉलिक ॲसिड देतात, त्याचे वारही लिहून घे. गोळी 2.5 मिलिग्रॅमची आहे की 10ची, ते घरी आल्यावर पाकिटावर बघ, दोन्ही मिळतात.

आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना लघवीला जळजळ होते म्हणून कॉलनीतल्या डॉक्टरांकडे नेलंस, तर आधी हे औषध सांग. कोट्रायमॉक्सेझोल हे अशा जळजळीवर देतात ते साधं, जुनं प्रतिजैविक, पण या दोघांची जोडी घातक ठरू शकते. कॉलनीतल्या डॉक्टरांना एम्सची चिठ्ठी आपोआप दिसत नाही. ती दाखवणं आपल्याच हातात आहे.

अक्षराचं म्हणशील, तर कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 साली मेडिकल कौन्सिलच्या नियमात दुरुस्ती झाली: औषधाचं मूळ नाव लिहावं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत. 2025च्या ऑगस्टमध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तर सांगितलं की वाचता येणारी चिठ्ठी हा रुग्णाच्या आरोग्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायाधीशांसमोर आलेल्या वैद्यकीय अहवालातला एक शब्दही त्यांना लागला नव्हता. तुझं गुरुग्राम त्याच न्यायालयाच्या हद्दीत येतं.

पण छापील चिठ्ठी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. संगणकाच्या यादीत क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम शेजारी-शेजारी असतात, बोट एक ओळ घसरलं की संपलं. ब्रँडची नावं त्याहून फसवी. 2001 साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे फाल्सिगो आणि फाल्सिटॅब यांचा वाद आला होता. दोन्ही मलेरियावरची, आतलं औषध मात्र वेगळं. औषधांच्या नावातलं साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासायला हवं, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. तरी दुकानात उभं राहून फळीकडे बघ, अजूनही तेच आहे.

म्हणून पाकीट उलटं कर आणि बारीक अक्षरातलं मूळ नाव वाच. आई तिची रक्तदाबाची गोळी, टेल्मा, सांगलीहून पिशवीत घेऊन येणार. इथे कुणी टेल्मिसार्टन लिहिलं, तर ती दोन्ही घेईल आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडेल. रंग वेगळा, नाव वेगळं, औषध तेच! जुन्यातलं काय बंद करायचं, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला बहुतेक जण विसरतात. तू विसरू नकोस.

तिच्या इन्शुलिनचंही बघ. आपल्याकडे कुपी 40 युनिटची असते तशी 100 युनिटचीही. 40च्या सिरिंजला लाल टोपी, 100च्या सिरिंजला केशरी. 100ची कुपी 40च्या सिरिंजने भरली, तर अडीचपट डोस जातो. कुपी आणि सिरिंज एकाच वेळी, एकाच दुकानातून घे, आणि बिल घेच.

हे ऐकून घाबरू नकोस. आयसीएमआरने देशातल्या 13 मोठ्या रुग्णालयांमधल्या 4838 चिठ्ठ्या तपासल्या, त्यांत साधारण दहातल्या एका चिठ्ठीत खपवून घेता येणार नाही अशी चूक निघाली. शिकलेल्या, चांगल्या डॉक्टरांच्याच होत्या त्या चिठ्ठ्या. गर्दी आणि थकवा सगळ्यांनाच आहे, म्हणून आपले दोन डोळे हवेत.

औषधाने काही त्रास झालाच, तर आधी डॉक्टरांना कळव. मग 1800-180-3024वर फोन कर. तो गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाचा नंबर आहे, रुग्णाच्या घरचं कुणीही नोंद करू शकतं.

मी आज आईला फोन करून तिच्या सगळ्या गोळ्यांची मूळ नावं उतरवून घेते, रात्री तुला पाठवते. ती आली की पिशवी पलंगावर ओत आणि यादीशी ताडून बघ.