जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधी चालवून बघा, मग बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि घरोघरचे कितीतरी चालते लॅपटॉप 'जुने' ठरले. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१२-१३मध्ये घेतलेला कोअर आय३ त्यात बसतच नाही. पण त्याच लॅपटॉपवर पत्र लिहिणं, ऑनलाइन अर्ज भरणं, हिशेबाचा तक्ता ठेवणं, मुलांचे व्हिडिओ धडे बघणं अजून व्यवस्थित होतं. असं यंत्र भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टीम घालून बघावी, असं मी आग्रहाने सांगेन. ती बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पण त्याआधीची एक अख्खी संध्याकाळ ती नुसती वापरून बघण्यासाठी ठेवा. संगणकावर काहीही न बसवता, पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं आणि नंतरचे बहुतेक मनस्ताप ही पायरी गाळल्यामुळे होतात.

सुरुवात यंत्र ओळखण्यापासून. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि तिथे 'अबाउट' उघडा. रॅम किती आणि प्रोसेसर कोणता, हे तिथे लिहिलेलं असतं. 'सिस्टीम टाइप'ची ओळ नीट वाचा. विंडोज ३२-बिट असूनही पुढे 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं दिसलं, तर यंत्र ६४-बिट आहे आणि त्यावर आजचं लिनक्स चालेल. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिचा मेनू परका वाटत नाही. दोन जीबी ही मिंटची किमान गरज आहे. तेवढ्यावर ते चालतं, पण ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की दमतं. दोनच जीबी असतील किंवा प्रोसेसर खरोखर ३२-बिट असेल, तर अँटीएक्स बघा. ते दिसायला साधं आहे, पण सुरू होऊन शांत बसलेलं असताना मिंटच्या निम्म्याहूनही कमी रॅम घेतं. पुढची कृती मिंटची आहे, अँटीएक्सची वाटही फार वेगळी नाही.

साहित्य थोडंच लागतं: आठ जीबीचा पेनड्राइव्ह, चार्जर, इंटरनेट आणि सगळ्या फायली मावतील अशी बाहेरची हार्ड डिस्क. बॅकअप घेताना 'डॉक्युमेंट्स' उचललं की झालं असं समजू नका. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये काय काय पडलंय ते बघा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क काढून घ्या. मराठी मजकुराचं आणखी एक आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली घरात असतील, तर ते फॉन्टही सोबत कॉपी करा. फॉन्ट नसला की तो सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येतो. महत्त्वाची कागदपत्रं विंडोज आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घेतली तर आणखी चांगलं.

आता मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल उतरवा. ती सुमारे तीन जीबीची आहे. इंटरनेट मध्येच तुटत असेल तर उतरलेली फाइल बिघडलेली असू शकते, म्हणून ती तपासा. संकेतस्थळावर तिची एसएचए-२५६ ही ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. संगणकावर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तीच खूण काढता येते. दोन्ही जुळल्या की पुढे जा, एक अक्षर जरी वेगळं असलं तरी पुन्हा उतरवा.

पेनड्राइव्ह तयार करायला विंडोजवर रूफस हे छोटं मोफत साधन सगळ्यात सोयीचं. पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, 'पार्टिशन स्कीम'मध्ये २०१२च्या आसपासच्या यंत्रासाठी एमबीआर ठेवा आणि 'स्टार्ट' दाबा. मध्ये प्रश्न आला तर सुचवलेला आयएसओ मोडच स्वीकारा. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं.

संगणक बंद करून सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२ असते, पण अनेकदा आधी एफ२ने बायोसमध्ये शिरून ती चालू करावी लागते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळाने मिंटचा डेस्कटॉप उघडतो. अजून हार्ड डिस्कला हातही लागलेला नाही.

आपली संध्याकाळ इथे घालवायची. वाय-फाय दिसतं का? काही जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. तशी वेळ आलीच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, इंटरनेट बहुधा लगेच मिळतं. मग आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा बघा. झाकण मिटून पुन्हा उघडा, लॅपटॉप नीट जागा होतो का ते पाहा. प्रिंटर जोडून एक पान छापा. एचपीचे बरेचसे प्रिंटर आपोआप ओळखले जातात, पण छोट्या ऑफिसांत आजही दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९००ला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर बसवणं किचकट आहे. रोज त्यावरच छपाई असेल तर हे आज कळलेलं बरं. हिशेबाचं टॅली वापरत असाल तर ते विंडोजसाठी आहे, हेही लक्षात ठेवा. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तो लिनक्सवर चालतो का, याचीही आधी खात्री करा. वेगावरून मात्र मत बनवू नका. सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जात असल्यामुळे आत्ता ते मंदच वाटणार.

एक तपासणी मी कधीच सोडत नाही. मेनूतलं 'डिस्क्स' उघडून हार्ड डिस्क निवडा आणि कोपऱ्यातल्या मेनूतून 'स्मार्ट डेटा' बघा. डिस्क बिघडत चालली असेल, तर तिच्यावर कुठलीही सिस्टीम बसवण्यात अर्थ नाही. डिस्क धड असली तरी थोडा खर्च करायची तयारी असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी लावा. त्याने पडणारा फरक कुठल्याही हलक्या सिस्टीमने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये हे काम तळाचे थोडे स्क्रू काढून होतं.

समाधान झालं असेल तर चार्जर लावा आणि डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट'वर डबल क्लिक करा. भाषा मराठी निवडता येते, फक्त काही खिडक्या इंग्रजीतच राहतात. कीबोर्डमध्ये 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' घ्या. त्यात उजवी आल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह उमटतं. मराठी कीबोर्ड इथे निवडू नका, तो नंतर जोडायचा. नाहीतर इंग्रजी पासवर्ड टाइप करताना अडाल. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा.

पुढचा पडदा सावकाश वाचा. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोजसकट सगळं जाणार. बॅकअप तपासलेला असेल आणि विंडोजची गरज उरली नसेल, तर हाच पर्याय स्वच्छ आणि सोपा. टॅलीसारख्या कामासाठी विंडोज ठेवायचं असेल तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड' निवडा. पण त्याआधी विंडोजमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून निदान चाळीस-पन्नास जीबी जागा मोकळी करून या. फास्ट स्टार्टअप चालू राहिला तर विंडोजचा भाग अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि लिनक्समधून त्यावर लिहिता येत नाही. दोन्ही सिस्टीम असल्या की कधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, कारण लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं. ते मिंटच्या बाजूने बदलता येतं.

टाइम झोन कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. इथून पुढे यंत्राचं काम. शेवटी सांगितल्यावर पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर स्वागताची खिडकी येते. तिच्यातून अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर बघा आणि टाइमशिफ्ट चालू करा. टाइमशिफ्ट सिस्टीमची जुनी स्थिती जपून ठेवतं, एखादं अपडेट अंगाशी आलं तर मागे जाता येतं. डिस्क लहान असेल तर दोनच प्रती ठेवा. मराठीसाठी 'कीबोर्ड'च्या 'लेआउट'मध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर इन्स्क्रिप्ट, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर कगप. सोबत आणलेले जुने फॉन्ट होम फोल्डरमधल्या लपलेल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका.

वेग हवा असेल तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मधला कंपोझिटर बंद करा आणि 'सेशन अँड स्टार्टअप'मधून नको ते प्रोग्राम काढा. प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तारीख जुनीच दिसत असेल आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचं सांगत असेल, तर मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते. बहुधा ती सीआर२०३२ असते, बदलून घ्या. आणि बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप महिनाभर तरी पुसू नका. एखादी विसरलेली फाइल हटकून त्याच महिन्यात लागते.