प्लाय कापताना बोटे वाचवा



यवतमाळ हा सागवानाचा जिल्हा. पण आज घराघरातली कपाटे, दिवाण, किचनच्या ट्रॉल्या प्लायच्याच बनतात. यवतमाळच्या पाटीपुऱ्यापासून पुसद, दिग्रस, वणीपर्यंत आपल्या वस्त्यांतली पोरे या फर्निचरच्या कामावर जातात. आपल्या घरात सुतारकी पिढीजात नाही, त्यामुळे शिकवणारेही कोणी नाही. पोरगा हेल्पर म्हणून लागतो, काही महिने शीट धरतो आणि एक दिवस मिस्त्री जेवायला गेला की कटर हातात घेतो. त्याचे प्रशिक्षण एवढेच.

आम्ही नर्स म्हणून अपघात विभागात काम करत होतो, तेव्हा असा एक मुलगा आला. हाताला गमछा गुंडाळलेला, आत हळद भरलेली. डॉक्टरांनी विचारले, "तुटलेलं बोट कुठे आहे?" सोबतचे एकमेकांकडे बघू लागले. बोट कामावरच, भुशात राहिले होते. ते आणायचे असते हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर मशीनची गोष्ट.

कोणती मशीन घ्यावी?

बहुतेकांच्या हातात असतो तो चार इंची मार्बल कटर. तो फरशी कापायला बनवलेला आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. त्याचे झाकण फक्त वरच्या बाजूला असते, खालचे ब्लेड उघडेच राहते. बटण बंद केल्यावरही ब्लेड काही क्षण फिरत राहते, आणि तेवढ्यात मशीन खाली ठेवली की ती पायाकडे धावते.

लाकडासाठी बनवलेली सर्क्युलर सॉ, म्हणजे सात इंची हातआरी, वेगळी असते. तिला खालच्या बाजूला स्प्रिंगचे झाकण असते. कापताना ते मागे सरकते आणि काप संपला की आपोआप ब्लेडवर येते. ती महाग आहे, हे खरे. पण प्लायचे काम रोजचे असेल, तर पहिली बचत याच मशीनसाठी करावी. गोल किंवा वळणाचा काप असेल तर जिग सॉ वापरावी. ती हळू चालते, पण तिच्यात धोका कमी.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. ग्राइंडरला लाकडाचे दातेरी ब्लेड लावू नये. ते लाकडात अडकले की मशीन हातातून उसळते आणि मांडी, पोट, गळा काहीही कापते. दुसरे, फळीला भोक पाडून त्याखाली कटर उलटा बसवायचा आणि टेबल आरा करायचा, हा जुगाड बंद करावा. त्यात झाकण नसते, आणि शीट ढकलता ढकलता बोटे ब्लेडवर जातात.

ब्लेडवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त किंवा निदान तेवढा असावा. प्लायसाठी जास्त दातांचे ब्लेड घ्यावे. सात इंचीला चाळीस ते साठ दात असले की कड फुटत नाही. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना हात घसरतो.

कापताना

आठ बाय चारची, १८ मिलिमीटरची शीट तीस किलोच्या वर भरते. ती दोघांनी उचलावी, कमरेत वाकून नव्हे तर गुडघे वाकवून. धरायला घरातले लहान पोर बोलावू नये.

शीटखाली कापाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या द्याव्यात. मधे आधार नसला की शीट वाकते, ब्लेड चिमटते आणि मशीन मागे उसळते. ब्लेड प्लायच्या खाली पाव इंचच निघेल एवढी खोली ठेवावी. सरळ पट्टी शिकंजाने आवळून तिच्या आधाराने मशीन चालवावी. मशीन दोन्ही हातांनी धरावी, ब्लेडच्या रेषेत न उभे राहता जरा बाजूला उभे राहावे. चालू मशीन मागे ओढू नये. हातआरीचे दात खालून वर कापतात, म्हणून शीटची चांगली बाजू खाली ठेवावी.

गमछा निळा असो की पांढरा, काम सुरू करण्याआधी खुंटीला टांगावा. कडे, मनगटातला दोरा, अंगठी काढावी. फिरत्या ब्लेडजवळ ढगळ हातमोजे घालू नयेत, ते ओढले जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच. वायरीचे टोक काडी खोचून सॉकेटमध्ये घालू नये, तीन पिनांचा प्लग लावावा. ब्लेड बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.

आता शीलाचे. पाचवे शील आपण दर पौर्णिमेला विहारात घेतो. दारू प्रमादाकडे, म्हणजे बेसावधपणाकडे नेते, म्हणून ती वर्ज्य. आरा चालवणाऱ्यासाठी हे शील बोटांचे आहे. रात्रीची उतरली नसेल तर सकाळी मशीनला हात लावू नये.

धूळ आणि आवाज

भुशात लाकूड असते, आणि प्लाय चिकटवणाऱ्या डिंकातले फॉर्मल्डिहाइडही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या दोन्हींना कर्करोगाच्या कारणांत गणले आहे. नाकाचा कर्करोग बऱ्याच वर्षांनी दिसतो, पण दमा आणि खोकला लवकर सुरू होतो. रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ मास्क लागतो. तोंडात खर्रा असेल तर थुंकायला मास्क दर वेळी खाली येतो, आणि भुशाच्या हातानेच खर्रा घोटला जातो. म्हणजे दोन विषे एकदम तोंडात जातात.

गल्लीत दारासमोर प्लाय कापू नये, तिथे लेकरे आणि दम्याचे म्हातारे असतात. भुसा ओल्या फडक्याने पुसावा. झाडल्याने धूळ उडते आणि ती झाडणाऱ्या बाईच्या छातीत जाते. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कान खराब करतो. तेव्हा कानात बोळे घालावेत.

बोट कापले तर

स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हळद, चहापत्ती, चुना लावू नका. सुतळीने करकचून बांधू नका. तुटलेला भाग शोधा, स्वच्छ पाण्याने हलका धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा. ही पिशवी बर्फ आणि पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, मांस मरते. १०८ ला फोन करा. जखमीला काही खाऊ-पिऊ घालू नका, भूल द्यावी लागू शकते.

आणखी एक, आम्ही वारंवार पाहिलेले. ठेकेदार कानात सांगतो, "घरी पडलो म्हण." पोरगा तसे सांगतो आणि केसपेपरवर तेच लिहिले जाते. नंतर भरपाई मागायला गेले की हाच कागद आडवा येतो. डॉक्टरांना खरे सांगा: कुठे, कोणाच्या कामावर, किती वाजता. कामावरच्या अपघाताची भरपाई हा उपकार नाही, १९२३ पासून या देशाच्या कायद्यात असलेला हक्क आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर मंत्री होते. कामगाराचे तास आणि त्याची सुरक्षा ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यांनी त्या खुर्चीवरून करून दाखवले. इमारतीच्या कामावर वर्षात ९० दिवस भरत असतील, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवा.

झाकण काढून दिलेली मशीन ठेकेदाराने हातात ठेवली, तर एकट्या पोराला नाही म्हणणे जड जाते. काम जाईल ही भीती खरी आहे. म्हणून हे एकट्याने बोलायचे नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर फर्निचरच्या कामावर जाणाऱ्या साऱ्यांनी आपापली मशीन घेऊन विहारात बसावे. कोणाचे झाकण आहे, कोणाचे नाही, ते पाहावे. आणि पुढच्या कामावर सगळ्यांनी मिळून सांगावे, आधी झाकण, मग काप. माय-बहिणींनीही घरी हेच विचारावे.

नमो बुद्धाय, जय भीम!