*पाचट पेटवण्याआधी हे वाचा: पंजाबच्या पेंढ्यावरून आपण काय शिकायचं*



ऊसतोड सुरू झाली आहे. "पाचट जाळायला बंदी आली तर काय?" असं तीन-चार सभासदांनी विचारलं. त्यासाठी आधी पंजाबकडे बघू. तिथे बंदी पण आहे, दंड पण आहे, तरी पेंढा जळतोच. का?

*१) वेळच उरत नाही*
भूजल वाचवायला पंजाबने २००९ मध्ये कायदा केला. त्यात भाताची लावणी १० जूनच्या आधी करायची नाही असं ठरलं. पाणी वाचवायचा हेतू चांगलाच होता, पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला जेमतेम १५-२० दिवस मिळतात. कंबाईन कापून गेलं की उभं धसकट आणि मोकळा पेंढा रानात राहतो. मग काडेपेटी सगळ्यात स्वस्त पडते.

*२) दंड लागला, पण सगळ्यांना नाही*
राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंड ठरवला: २ एकराच्या आत २,५०० रुपये, ५ एकरापर्यंत ५,००० आणि त्यावर १५,०००. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दुप्पट झाला. पण हजारो शेतं एकाच पंधरवड्यात पेटली तर किती बांधांवर अधिकारी पोचणार? उपग्रहावरून नजर ठेवली, तर उपग्रह दुपारी जाऊन आल्यावर संध्याकाळी पेटवणं सुरू झालं. धूर होतोच, नोंद मात्र कमी.

*३) यंत्र आलं तेव्हा फरक पडला*
पेंढा न जाळता त्यातूनच गहू पेरणारं हॅपी सीडर, आणि कंबाईनच्या मागे बसवून पेंढा पसरवणारं सुपर एसएमएस. २०१८ पासून केंद्राने एकट्या शेतकऱ्याला ५० टक्के, तर गट, सोसायटी आणि अवजार बँकेला ८० टक्के अनुदान दिलं. तरी अडचण राहिली. यंत्र वर्षात तीन-चार आठवडेच चालतं आणि सगळ्यांना एकाच वेळी हवं असतं. लहान शेतकऱ्याचा नंबर शेवटी लागतो.

पंजाबच्या गावांत अभ्यासकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग केला. "जाळलं नाही तर नंतर पैसे देऊ" म्हटल्यावर जाळणं कमी झालं नाही. त्यातले थोडे पैसे आधी हातात दिले तेव्हा कमी झालं. कारण यंत्राचं भाडं आधीच द्यावं लागतं.

*म्हणजे:* नियम हवाच, पण यंत्र वेळेवर आणि परवडेल असं बांधावर पोचलं नाही तर नुसत्या दंडाने काम होत नाही.

*आता आपलं बघा*
एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं. त्यात जवळजवळ एका युरिया गोणीएवढं नत्र असतं. जाळलं की ते नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. मागच्या हंगामात एका पाचटाच्या आगीत शेजारच्या रानातली ठिबक जळाली. दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

*खोडव्यासाठी एकरी असं करा:*
✅ तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटा
✅ पाचट सरीत दाबा किंवा कुट्टी यंत्राने बारीक करा
✅ त्यावर ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका
✅ ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत शेणखतात मिसळून पसरा
✅ मग पाणी द्या
पाचटातलं नत्र हळूहळू मिळतं, म्हणून पहिल्याच वर्षी खताचा हप्ता बंद करू नका. ओल टिकणं आणि तण कमी होणं मात्र याच हंगामात दिसेल.

*एक विनंती*
कंपनीचं कुट्टी यंत्र एकच आहे. तोडणीची तारीख कळली की *निदान ८ दिवस आधी* गटप्रमुखांना सांगा. शिवारवार यादी लावू, म्हणजे यंत्राची चक्कर वाया जाणार नाही. एक-दोन एकरवाल्यांनी "आपलं रान लहान, कशाला सांगायचं" म्हणू नका. शेजारी-शेजारी मिळून एकच दिवस धरा. यंत्र यायला उशीर झाला तर पेटवू नका, मला फोन करा. तोवर सरी आड सरी पाचट ओढून ठेवता येतं, ते कसं ते सांगतो.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾